मूळचे कुठले?

मस्कतमध्ये नोकरी करायला अरबी लागतंच असं नाही. ऑफिसात हिंदी आणि मल्याळमवर भागतं. तरी हौस म्हणून मी संध्याकाळच्या अरबी वर्गात नाव घातलं. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय झाली, घशातून काढायचा 'ऐन' शेजाऱ्यांना ऐकू जाईपर्यंत घोटून झाला. घोडं अडलं ते शब्दकोशापाशी.

अरबी कोशात शब्द त्याच्या पहिल्या अक्षराखाली नसतो, मूळ धातूखाली असतो आणि धातू बहुधा तीन व्यंजनांचा. 'मक्तब' म्हणजे कचेरी, पण तो 'म'खाली नाही. क-त-ब, म्हणजे 'लिहिणे', याखाली. तिथेच किताब, कातिब, 'मक्तबा' हे ग्रंथालय, आणि सैन्याची पलटण 'कतीबा'सुद्धा. पलटणीचा लिहिण्याशी काय संबंध, हे विचारायचं नाही. हा कोश म्हणजे आमच्या कोकणातला ओटीवर बसलेला म्हातारा आहे. नुसतं नाव सांगून चालत नाही. 'मूळचे कुठले? कोणत्या जोश्यांपैकी?' एवढं पटल्याशिवाय पाणी विचारणार नाही.

आणि मूळ शोधायचं तर आधी शब्दाची पुढची-मागची अक्षरं सोलायची. कुठली सोलायची, हे शब्द ओळखीचा असला तर कळतं. ओळखीचा असता तर कोश उघडला कशाला असता?

मध्यंतरी एकदा सकाळी लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला दिसला. 'इन्किताअ अल्-मियाह', आणि खाली वेळ. फोनवर भाषांतर करायचं नाही, आधी मूळ शोधायचं, असा आमच्या उस्तादांचा दंडक. मी घरी येऊन कोश पुढे ओढला. 'इन'ची अक्षरं काढली, मधला 'आ' काढला, उरलं क-त-अ. कापणे! त्याखाली तुकडा आहे, चौक आहे, बहिष्कार आहे, आणि वाटमाऱ्याही आहे, कारण तो वाट 'कापतो'. म्हणजे काहीतरी कापलं जाणार. आता 'मियाह'. हे अनेकवचन, एकवचन 'माअ', आणि मूळ म-व-ह. ज्या शब्दात 'व'चा मागमूस नाही त्याच्या मुळात 'व'! असल्या धातूंना व्याकरणात आजारी म्हणतात; आजारी मी पडलो होतो.

तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला, "अहो, डोक्याला शांपू लावलाय आणि पाणी गेलं!"

"सापडलं!" मी ओरडलो.

तिला वाटलं, पाणी.

बरं, कोशकारांनी तरी एकमेकांशी पटवून घ्यावं. पहिला मोठा कोश रचला तो आठव्या शतकात अल्-खलील इब्न अहमद यांनी. ते मूळचे ओमानचे, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. त्यांनी वर्णमालाच बाजूला ठेवली आणि घशात खोलवरून निघणाऱ्या 'ऐन'पासून सुरुवात करून ओठांपर्यंत आले. पुढच्यांनी धातूच्या शेवटच्या अक्षरावरून शब्द लावले. 1290 मध्ये पुरा झालेला 'लिसान अल्-अरब' तसाच आहे. कोशाला अरबीत 'कामूस' म्हणतात. शब्दाचा जुना अर्थ महासागर. निदान नावात तरी फसवणूक नाही.

मराठी माणसाला मात्र एक फायदा आहे. या घराण्यांतली निम्मी मंडळी फारसीमार्गे येऊन आपल्याकडे कधीच स्थायिक झाली आहेत. ह-स-ल, म्हणजे हाती येणे: यातूनच हासिल, तहसील आणि महसूल. अरबी शेतकऱ्याला 'महसूल' म्हणजे अजून पीक. आपल्याकडे पिकाचं जे सरकार नेतं ते. क-ब-लचं कुळ तर केवढं! कबूल, मुकाबला, आणि आपण 'कुटुंबकबिला' म्हणतो त्यातला कबिला. अरबीत मुकाबला नोकरीच्या मुलाखतीलाही म्हणतात. मुलाखती दिलेल्या कुणालाही ते पटेल.

पण ओळखीच्या चेहऱ्यांवर फार विसंबू नये. वर्गात स्वतःची माहिती सांगताना मी नम्रपणे म्हणालो, 'अना गरीब.' उस्ताद बराच वेळ हसले. अरबीत गरीब म्हणजे परका, नाहीतर विचित्र. त्याच ग-र-बखाली पश्चिम दिशा, सूर्यास्त, परदेशातलं एकटेपण आणि कावळा. नोकरीसाठी पश्चिमेला आलेल्या काळ्यासावळ्या माणसाचं आणखी काय चरित्र लिहायचं?

गेल्या हिवाळ्यात सासरे आले. महसूल खात्यातून निवृत्त. विमानतळावर आगमनाच्या फलकावर 'वुसूल' लिहिलेलं. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "अप्पा, हा आपला वसूल. मूळ अर्थ पोचणे."

"पैसा सरकारात पोचला की वसूलच," अप्पा म्हणाले. त्यांना यात नवल असं काही वाटलं नाही.

पार्किंगचे पैसे भरले. पावतीवर 'ईसाल'. तेही त्याच घराण्यातलं. ते सांगणार, तोच अप्पांनी पावतीवरचा आकडा मनातल्या मनात रुपयांत करून पाहिला.

"जावईबापू, सूट द्या म्हणायचं तर यांच्यात काय शब्द?"

"खस्म," मी म्हणालो. "त्याचाच दुसरा अर्थ प्रतिपक्ष, वैरी."

अप्पांनी पहिल्यांदाच अरबीला मान डोलावली. "आमच्या कचेरीतही सूट मागायला येणाऱ्याला आम्ही तेच समजायचो."