सी घालू की एस?

सोसायटीची इंग्रजी नोटीस सगळ्यांच्या मोबाइलवर आलीच आहे. गेटसमोर गाड्या लावू नका, आणि पुढे ‘मेंबर्स आर ॲडव्हाइज्ड’ मध्ये एसच्या जागी ठसठशीत सी.

“काय चुकलं?” आबा उखडले. मसुदा त्यांचाच. “जन्म बँकेत गेला माझा. पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे पैसे दिल्याची सूचना, सीनंच लिहितात. ॲडव्हायसेस असं अनेकवचनसुद्धा करायचो आम्ही.”

“बँकेच्या कागदात चालतं ते,” मंदाताई म्हणाली. दिवसभर भाडेकरार टाइप करणारी बाई, तिच्या वाटेला कोण जाणार? “एरवी सल्ल्याला अनेकवचन नाही. तुम्हाला लागतं, कारण फुकट फार वाटता. सल्ला हे नाम, शेवटी ‘स’ ऐकू येतो, तिथे सी. सल्ला देणं हे क्रियापद, शेवटी ‘जरा’तला ज, ‘जीव’मधला नव्हे, तिथे एस.”

“प्रॅक्टिसचं काय? उच्चार एकच,” पक्या.

“त्या जागी ॲडव्हाइस बसवून बघ. नेट प्रॅक्टिस, नाम, सी. वकील प्रॅक्टिस करतो, क्रियापद, एस. खिशातलं ड्रायव्हिंग लायसन्स काढ, शेवटी सी आहे. भाडेकरारातले लायसन्सर-लायसन्सी, म्हणजे जागा देणारा आणि घेणारा, मात्र एसवाले, क्रियापदाची पोरं ती.”

“अमेरिकेत माझा भाचा...” भाचा आला की आम्ही दुसरा चहा सांगतो.

“तिकडे लायसन्स दोन्हीकडे एस, प्रॅक्टिस दोन्हीकडे सी. पण ॲडव्हाइसची जोडी त्यांनीही मोडली नाही. भाचा कामाचा नाही, आबा.”

“मग मोबाइल लाल रेघ का मारत नाही?”

“तुमच्या नोटिशीला मारली असणार, तुम्ही बघितली नसेल. ‘काइंडली ॲडव्हाइस’ला सीसकट नाही मारत. शब्द खरा, जागा खोटी.” मग तिनं नको ते सांगितलं. १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याच्या, कलम ५२ मध्ये लायसन्स नाम असूनही एसनं छापलंय.

“बघा! कायदा माझ्या बाजूनं!”

“कायदा सीच्या जागी एस घालतो, तुम्ही एसच्या जागी सी. चूकसुद्धा उलटी केलीत.”

पक्याला चहाचा ठसका लागला. आबा मागच्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीवर घसरणार, एवढ्यात वॉचमन ओरडत आला, “आबा, गेटसमोरची स्कूटर तुमचीच ना?”