पश्चात्ताप करा, पण बांधाला हात लावू नका

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला की आमच्या वसईत सगळ्यांना पश्चात्तापाची घाई होते. घाई हवीच, दिवस चाळीसच मिळतात. (कॅलेंडरवर मोजले तर ईस्टरपर्यंत ४६ भरतात, पण मधले सहा रविवार धरायचे नसतात.) जर्मनीत प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१७ साली आपल्या ९५ मुद्द्यांतल्या पहिल्याच मुद्द्यात लिहिलं, की माणसाचं अख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. आपण कॅथलिक. आपलं चाळीस दिवसांत आटपतं.

सुरुवात राखेपासून करा. गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळून ती केलेली असते. कपाळावर घ्या आणि अजिबात पुसू नका. त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, येशूचं शुभवर्तमान वाचतात, की उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. पण वाचन आधी होतं आणि राख नंतर लागते, तेवढ्या वेळात ते विसरता येतं. मग तशाच कपाळाने बाजारातून एक चक्कर मारा.

उपवासाचं फार मनावर घेऊ नका. पूर्ण उपवास राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही वय १८ ते ५९. बाकी शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी चालते! हा नियम करणाऱ्यांनी आपला किनारा पाहिला नसावा. तेव्हा शुक्रवारी मटणाचा त्याग करा आणि जड अंतःकरणाने भरलेलं पापलेट खा.

आता कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली. वर्षातून एकदा तरी करावं, असं १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने ठरवून दिलंय. पवित्र सप्ताहात जा. रांग लांब असते, फादर दमलेले असतात. पापं नगाने सांगा, वजनाने नको. दोनदा मिस्सा चुकली, बायकोवर ओरडलो, पोरांना लागेल असं बोललो. एवढ्यात जाळीपलीकडून प्रार्थना सांगितली जाते. बांधाचा विषय काढू नका.

बांध म्हणजे आमचाच घ्या. वडिलांनी वाडी दोघा भावांत वाटून दिली, सातबारे वेगळे झाले. दर पावसाळ्याआधी बांध मी साफ करतो. साफ करताना माती थोडी पलीकडे पडते. अशी पडत पडत आज माझ्या केळीची एक अख्खी रांग धाकट्याच्या दोन फुटांत उभी आहे. याचा पश्चात्ताप मला दर वर्षी होतो, अगदी मनापासून. केळी मात्र तिथेच आहेत.

कुणी बायबलमधल्या जक्कयाचं उदाहरण देईल. त्या जकातदाराने ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हटलं. ठीक आहे, त्याच्याकडे रोकड होती. दोन फुटांचे चौपट म्हणजे आठ फूट, बावखलच (वाडीतलं तळं) धाकट्याकडे जाईल. १९९२ सालचं धर्मशिक्षणाचं पुस्तकही सांगतं, की नुसती क्षमा मागून भागत नाही, चोरलेलं परत करा. पण त्यात बांध असा शब्द नाही. मी पाहिलंय. आणि अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये, ही आज्ञा? ती वेदीपर्यंत जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे थैली बाकापर्यंत येते. शांतीची खूण द्यायची वेळ आलीच, तर धाकटा डाव्या बाकांवर बसतो, मी उजव्या.

आज्ञापालनात कसूर नको. येशूने सांगितलेली दोन मुलांची गोष्ट ठाऊक असेल. मळ्यात जा म्हटल्यावर एक म्हणाला ‘जात नाही’, मग पस्तावून गेला. दुसरा म्हणाला ‘जातो, महाराज’, आणि गेला नाही. दुसऱ्याची रीत काय वाईट? निदान बापाला तोंडावर दुखावलं नाही. बायबलमधल्या शाऊल राजाने मात्र घोळ घातला. शत्रूचं सगळं नष्ट कर असं देवाने म्हटलं असताना चांगली मेंढरं राखून ठेवली आणि सांगितलं, अर्पणासाठी ठेवलीत. शमुवेल संदेष्ट्याला त्यांचं बें बें ऐकू आलं, पकडला गेला. मीही त्या दोन फुटांतला पहिला लोंगर (केळ्यांचा घड) चर्चला देतो. केळी बें बें करत नाहीत.

यंदा राखेच्या बुधवारी संध्याकाळी वाडीत गेलो, तर धाकटा बांधावर उकिडवा बसलेला. कपाळावर राख, हातात टेप. मला पाहून कानकोंडा झाला. म्हणाला, “दादा, मघापासून मोजतोय, माझंच काहीतरी चुकतंय. तुझं तर नाही ना आलं माझ्याकडे? जरा टोक धर. त्या कोपऱ्यापासून माझा हिस्सा मोजू.”

मी धरलं. अशा वेळी नाही म्हणू नये. फक्त टेप ताणू नका, मध्ये जरा झोळ राहू द्या. झोळात सहा इंच आरामात जिरतात.