एडिटिंगचं मशीन मागितलं, दिव्यांची माळ मिळाली

आखाजी (अक्षय्य तृतीया) आठ दिवसांवर आलीय, सात लग्नांचं फुटेज पडून आहे आणि माझं एक लाख आठ हजारांचं नवं कोरं मशीन हळदीचा साधा शॉट टाइमलाइनवर सरळ चालवत नाही. नवरीच्या गालाला हात लागायच्या आत चित्र थिजतं, आवाज पुढे निघून जातो. डीजे वाजतोय, वरात जागेवरच!

जळगावच्या त्या दुकानात चार वेळा सांगितलं, मला गेम खेळायचा नाही, एडिटिंग करायचंय. उत्तर काय, तर ‘जे गेम पळवतं ना भो, ते एडिटिंग झोपेत करतं.’ कॅमेरा कोणता, सॉफ्टवेअर कोणतं, फाइल कसली, एका शब्दाने विचारलं नाही. अरे, न्हावीसुद्धा कात्री लावण्याआधी विचारतो, बारीक करू का मध्यम!

प्रोसेसर दिला आय-फाइव्ह १२४००एफ. त्या शेपटीतल्या ‘एफ’चा अर्थ, आत ग्राफिक्स, म्हणजे चित्र हाताळणारा भाग नाही. दुकानदार म्हणे, ‘ग्राफिक्सचं कार्ड वेगळं घेताय, मग आतल्या ग्राफिक्सचं काय लोणचं घालता?’ मला पटलं. तिथेच मेलो. आमचा सोनीचा कॅमेरा ४के, १०-बिट, ४:२:२, एच.२६५ मध्ये शूट करतो, म्हणजे रंग भरपूर, पण फाइल घट्ट दाबलेली. असली फाइल भराभर उलगडायचं काम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक करतं, अकराव्या पिढीपासून. आणि माझ्या आरटीएक्स ४०६० कार्डाला ४:२:२ उलगडताच येत नाही, ती सोय एनव्हिडियाने २०२५ मध्ये ५० सिरीजला दिली. म्हणजे एवढं महागाचं कार्ड पाव्हण्यासारखं बसून राहतं आणि बिचारे सहा कोअर ढोरमेहनत करतात. बिनएफचा १२४०० दीड-दोन हजारांनी महाग होता. तेवढे ‘वाचवून दिले’ म्हणून वर चहा पाजला मला.

आता रोज रात्री प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, बनवायला लावतो आणि झोपतो. मधे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

रॅमचंही तेच. १६ जीबीची एकच काडी. मेमरी जोडीने लावली की ड्युअल चॅनलवर, म्हणजे दोन वाटांनी एकदम चालते, हे मला घरी आल्यावर कळलं. औताला एकच बैल जुंपल्यासारखं झालं. आता दुसरी घ्यायला जावं तर एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव आभाळाला भिडलेत. पॉवर सप्लायबद्दल मी बोलतच नाही, त्याच्या डब्यावर ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का सोडा, धड कंपनीचं नावही नाही.

पण कॅबिनेट! काय ते कॅबिनेट! पुढून सलग काच, आत सहा रंगीत पंखे, गणपतीच्या मखरासारखी रोषणाई. हवा आत जायला मात्र बोटभर फट. यूट्यूबवरचे भाऊ एसीत बसून सांगतात, तापमान मस्त आहे. त्यांना म्हणावं, मे महिन्यात इकडे या. बाहेर ४५, माझ्या पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. एक्स्पोर्ट लावला की प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि स्वतःच वेग उतरवतो. शेवटी बाजूची काच काढून टेबलफॅन लावला. आई म्हणे, कूलरच त्याच्याकडे फिरव ना. तिला कसं सांगू, त्या ओल्या हवेने उरलंसुरलंही जाईल!

चूक माझीही आहे, बिल न वाचता पैसे मोजले. पण मी लग्नं शूट करणारा माणूस, मला प्रत्येक शेपटीतलं अक्षर पाठ असायला हवं का? मग दुकानदार कशाला बसलाय तिथे?

काल मशीन घेऊन परत दुकानात गेलो. म्हटलं, वरचे पैसे घ्या, पण बिनएफचा द्या. तर म्हणतो, ‘वापरेल माल परत नही लेतस भाऊ. तुम्ही म्हणा तर लाईटना आखो दोन पंखा फुकट लाई देस.’