पुकियो, कणात आणि वाऱ्याचा पंप

नमस्कार. पेरूतल्या नाझ्काच्या पुकियोंवरील (जमिनीखालचं पाणी शेतापर्यंत आणणाऱ्या जुन्या भुयारी वाहिन्यांवरील) आमच्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. एक, ही स्पॅनिशांनी पेरूत नेलेली कणातच (इराणकडची भुयारी पाणीवाहिनी) आहे. दोन, पुकियोंवरचे मळसूत्री खड्डे वारा आत ओढून पाणी पुढे ढकलतात, हे लेखात आलं नाही.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. २०१६ साली उपग्रहचित्रांच्या अभ्यासाच्या बातमीबरोबर वाऱ्याची कल्पना जगभर पसरली. पण पुकियोच्या भुयारात पाणी नळासारखं गच्च भरून वाहत नाही. ते तळाने वाहतं, वर हवा मोकळी असते. एका खड्ड्यातून शिरलेला वारा शेजारच्या खड्ड्यातून निघून जातो. पाण्याला रेटा कशाचा मिळणार? ते वाहतं उताराने. नदी मधल्या पट्ट्यात वाळूत जिरते, पात्र वर्षातला बराच काळ कोरडं राहतं, पण खाली गोट्यांच्या थरातून पाणी सरकत असतं. खोऱ्यापेक्षा कमी उताराचा चर वरच्या अंगाला खणत नेला, की तो पाण्याच्या पातळीखाली जातो आणि बाजूंनी पाझर लागतो. म्हणूनच भिंती नदीच्या गोट्यांच्या, बिनचुन्याच्या. सांधे सिमेंटने लिंपले तर भिंत टिकेल, पाझर मात्र बंद पडेल.

खड्डे, म्हणजे तिथले 'ओहोस' (डोळे), मुख्यतः साफसफाईसाठी आहेत. सुट्या वाळू-गोट्यांत सरळ विहीर ढासळते, म्हणून तोंड रुंद आणि तळ निमुळता. फिरत्या वाटेने माणूस खाली उतरतो. दरवर्षी भुयारात शिरून गाळ आणि झाडांची मुळं काढावी लागतात. छत शिळांचं किंवा वारांगो झाडाच्या तुळयांचं असतं. तुळई मोडली की माती कोसळून पाणी मागे तुंबतं.

आता कणात. तिथे उभ्या विहिरी खणून त्या भुयाराने जोडतात. पुकियोंची बरीच भुयारं मात्र उघडा चर खणून, बांधून, छत टाकून वरून बुजवलेली आहेत. स्पॅनिश उगमाचा मुद्दा बार्न्स आणि फ्लेमिंग या संशोधकांनी १९९१ साली गांभीर्याने मांडला, तो उडवून लावण्यासारखा नाही. तरी श्रायबर आणि लांचो रोहास या पुकियोंच्या अभ्यासकांचा पुरावा आम्हाला जास्त वजनदार वाटतो: इ.स. ५०० च्या सुमारास वस्त्या नेमक्या त्या कोरड्या मधल्या पट्ट्यात वाढल्या. पुकियोंशिवाय तिथे लोक काय प्यायले असते, काय पिकवलं असतं?

हा पुरावा अप्रत्यक्ष आहे, हे मान्य. लेखातल्या 'नाझ्का लोकांनी बांधले' या वाक्यात आता 'बहुधा' घातलं आहे.