राणी घेतली, पण कव्हर?

मालवणजवळच्या आमच्या घरी पावसाळ्यात कॅरमबोर्ड सर्द होतो. सोंगटी निम्म्या वाटेत बसकण मारते. मग बोर्ड चुलीजवळ उभा करून ठेवायचा, बोरिक पावडर सढळ हाताने मारायची आणि चतुर्थीला चाकरमानी आले की रात्री जागवायच्या. हा खेळ आहे की नाही, असं तिथे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता विचारतात. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांना नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ देऊ म्हटलं. तेव्हापासून दर श्रावणात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुंपते. तालुक्याकडून कबड्डी खेळलेला चुलतभाऊ म्हणतो, आम्ही वर्षभर गुडघे फोडून घ्यायचे आणि नोकरी एका दिवसाच्या गोविंदाला? मुंबईत थर लावणारा भाचा म्हणतो, सातव्या थरावर चढून दाखव, मग बोल. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमतं: कॅरम हा खेळच नव्हे, घाम कुठे येतो? त्यावर काकीचा व्हॉइस मेसेज आला, "घाम येता तो खेळ, तर भाताच्या लावणेक पयला पदक देवा!"

मी हे इंग्लंडात बसून ऐकतो. इथल्या सरकारदरबारी घामाचीच कसोटी, पण तीही सोयीची. डार्ट्सला, म्हणजे भिंतीवरच्या फळीवर छोटे बाण फेकायच्या खेळाला, 'स्पोर्ट इंग्लंड' या इथल्या सरकारी क्रीडासंस्थेने २००५ साली मान्यता दिली. पत्त्यांतल्या ब्रिजवाल्यांनी तीच मागितली, तर २०१५ मध्ये हायकोर्टाने त्यांना परत पाठवलं. भांडण अर्थातच निधीचं आणि स्पर्धेच्या प्रवेश फीवरच्या कराचं. आपण या बाबतीत दिलदार. पहिला खेलरत्न बुद्धिबळातल्या विश्वनाथन आनंदला, १९९६ चा अर्जुन पुरस्कार कॅरमच्या मारिया इरुदयमला. भाच्याला हे कळवलं तर त्याने नुसता अंगठा पाठवला.

हंडी खेळ आहे, याबद्दल मला शंका नाही. डार्ट्स खेळ असेल तर ती दहा वेळा आहे. माझी अडचण वेगळी आहे. स्पेनमध्ये कॅटालोनियात असेच माणसांचे मनोरे रचतात. दर दोन वर्षांनी तारागोना शहरात त्यांची स्पर्धा भरते आणि तिथे मनोरा चढवला म्हणजे काम झालं असं होत नाही. तो सुखरूप उतरवला तर जास्त गुण, उतरताना कोसळला तर कमी. आपल्याकडे वरच्या पोराने सलामी दिली की डीजे सुरू होतो, निवेदक पुढच्या पथकाला हाक मारतो. खालच्या थरातल्यांच्या खांद्यांकडे कोण बघतो?

कॅरममध्ये राणी घेतली तरी कव्हर लागतं, म्हणजे लगेच आपली एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर ती निमूटपणे परत बोर्डावर. दहीहंडीने दर्जाची राणी घेतली आहे. उतरण्याचे गुण कोण मोजणार, वर्षभराचा सराव कुठे नोंदला जाणार, तळातल्या पोराला नोकरीसाठी कसला दाखला मिळणार, हे कव्हर आधी ठरू दे. ते ठरलं तर चुलतभावाशी भाच्याच्या बाजूने मी भांडेन.

यंदा चतुर्थीला येतोय. भाच्याने डार्ट्सचा बोर्ड मागवलाय. काकीने एवढंच विचारलं, भिंतीची भोकां कोण बुजवतलो?