फुकटचे सीईओ आणि माझं तिसरं पेडल

परत तेच झालं. चार गाडीवेडे एकत्र बसले, पंधरा मिनिटं मजेत गेली, आणि मी तोंड उघडायची चूक केली. म्हणालो, पुढची गाडीसुद्धा मॅन्युअलच घेणार, म्हणजे हाताने गिअर बदलायची, क्लचचं तिसरं पेडल असलेली. बस्स, एवढंच. कुणाच्या ऑटोमॅटिकला नावं ठेवली नाहीत, कुणाला कमी लेखलं नाही. तर समोरून काय यावं? ‘अरे पण टेक रेट बघ ना!’

टेक रेट. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांतले किती जण तो पर्याय निवडतात ते प्रमाण. हे बोलणारा माणूस कुठल्याही गाडीच्या कंपनीत नोकरीला नाही. त्याच्याकडे कुठल्याही गाडीच्या कंपनीचा शेअर नाही. दहा वर्षांपूर्वी हाच माणूस रिकाम्या रस्त्यावर उगाचच तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायचा, का, तर इंजिनाचा आवाज ऐकायला. आज त्याला मार्जिन कळतं, प्लॅटफॉर्म (अनेक मॉडेलांखालचा एकच सांगाडा) कळतो, होमोलोगेशन (गाडी विकण्याआधीची सरकारी मंजुरी) कळतं. आणि ‘पण चालवायला मजा येते का रे?’ असं विचारलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी जत्रेत फुगा मागतोय.

डोक्यात जातं हे माझ्या. आपण गाडीवेडे होतो ना? कंपन्यांचे बिनपगारी हिशेबनीस कधी झालो?

बरं, हिशेब तरी धड करा. ‘मागणीच नाही’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. ही मागणी मोजतात कशी, ते मी शोरूममध्ये जाऊन बघून आलोय. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण कुठलीही घ्या, गोष्ट तीच. मॅन्युअल फक्त खालच्या मॉडेलमध्ये. मोठं इंजिन पाहिजे? मग ऑटोमॅटिक घ्या. चांगल्या सीट, चांगले दिवे, चांगली म्युझिक सिस्टीम पाहिजे? ऑटोमॅटिक. रंग दोन, पांढरा आणि राखाडी. टेस्ट ड्राइव्हला मॅन्युअल गाडीच नाही. ‘सर, ऑटोमॅटिक चालवून बघा, गाडी तीच आहे.’ तीच कशी? मी जे बघायला आलोय तेवढंच नेमकं हिच्यात नाही! किती महिने थांबावं लागेल, याचं उत्तर नाही. आणि वर आवाज खाली करून आपुलकीचा सल्ला, ‘सर, पुढे विकताना त्रास होईल बरं का.’ विकायला बसलेला माणूसच सांगतोय की घेऊ नका. मग वर्षाच्या शेवटी बघायचं, मॅन्युअल किती गेल्या, आणि मान हलवायची. बघा, कुणाला नकोच आहे. दुकानाचं शटर खाली ओढून ठेवायचं आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गळा काढायचा.

मोठ्या नावांनीही हेच केलं. जॅग्वारच्या एफ-टाइप या स्पोर्ट्स कारला मॅन्युअल दिला, पण फक्त व्ही-6 (सहा सिलिंडरचं इंजिन) आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत. ज्या आठ सिलिंडरच्या व्ही-8 च्या आवाजासाठी लोक त्या गाडीवर जीव टाकायचे, तिला कधीच नाही. बीएमडब्ल्यू एम3 घ्या. मॅन्युअल हवा तर 480 हॉर्सपॉवरची साधी गाडी. 510 ची ‘कॉम्पिटिशन’ नावाची वरची आवृत्ती हवी, चारही चाकांची ताकद हवी, तर ऑटोमॅटिकच. तिची धाकटी बहीण एम2, तिच्यात ऑटोमॅटिकला 600 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, आणि मॅन्युअलला 550. आता यामागे कारण आहे, गिअरबॉक्सला किती टॉर्क झेपतो त्याला मर्यादा असते, आणि तेवढ्यासाठी नवा गिअरबॉक्स बनवायला कुणी खर्च करत नाही. समजलं. पण मग ‘लोकांनी निवड केली’ असं तोंड वर करून म्हणू नका ना. ताटात अर्धंच वाढायचं आणि म्हणायचं, याला भूकच नव्हती.

मला काय कळत नाही असं नाही. आजचा चांगला आठ गिअरचा ऑटोमॅटिक माझ्यापेक्षा लवकर गिअर बदलतो, माझ्यापेक्षा कमी इंधन जाळतो, आणि चढावर गाडी मागे सरकू देत नाही. प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीची प्रदूषण चाचणी वेगळी करावी लागते, तो खर्च आहे. बऱ्याच हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांत, मोटर गिअरबॉक्सच्या पोटातच बसवतात, तिथे क्लचचं पेडल कुठून आणायचं? पुढची गाडी थांबली की आपोआप थांबणारा आणि ती निघाली की आपोआप निघणारा क्रूझ कंट्रोल मॅन्युअलमध्ये कसा चालणार? सगळं मान्य. तासभर रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर पाय ठेवून डाव्या गुडघ्याचं काय होतं, ते मला तुम्ही सांगायची गरज नाही, माझा गुडघा सांगतो. पण मी स्टॉपवॉच घेऊन गिअर बदलत नाही. वळणाआधी ब्रेक मारता मारता उजव्या टाचेने ॲक्सिलरेटरला हलकेच ठोकून इंजिनाचे फेरे जुळवायचे, गिअर लोण्यासारखा आत गेला पाहिजे आणि मग क्लच सोडायचा. दहा वेळांत सहा वेळा जमतं. त्या सहा वेळांसाठी मी गाडी चालवतो. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं ते बसवा.

आणि गंमत म्हणजे, जिथे लोक हिशेबनीस न होता सरळ भांडले, तिथे कंपनी झुकली आहे. 2013 मध्ये पोर्शेने नवी 911 जीटी3 ही ट्रॅकवर पळवायची स्पोर्ट्स कार आणली ती फक्त पीडीके गिअरबॉक्समध्ये, म्हणजे दोन क्लचचा, स्वतः गिअर बदलणारा. युक्तिवाद बिनतोड होता, ट्रॅकवर हाच वेगवान. लोकांनी आरडाओरडा केला. मग 2016 मध्ये त्याच पोर्शेने 911 आर काढली, फक्त मॅन्युअल, मोजून 991 गाड्या. त्या बघता बघता संपल्या आणि सेकंड हँड बाजारात त्यांच्या किमती मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी वर गेल्या. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, जीटी3 मध्ये मॅन्युअल परत आला! 2023 मध्ये 911 एस/टी आली, तीही फक्त मॅन्युअल. आता सांगा, 2013 मध्ये सगळ्यांनी आमच्या मित्रासारखं ‘बरोबर आहे त्यांचं, लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ) बघा’ म्हणत माना डोलावल्या असत्या तर?

टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारचं तेच. 2019 मध्ये आली ती फक्त ऑटोमॅटिक. लोक बोंबलले. 2022 मध्ये मॅन्युअल जाहीर केला. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं तरी. कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीने तर कहर केला. जो ब्रँड निवृत्त आजोबांचा म्हणून हिणवला जायचा, त्याने सीटी5-व्ही ब्लॅकविंगमध्ये 668 हॉर्सपॉवरचा सुपरचार्ज्ड (जादा हवा कोंबून ताकद वाढवलेला) व्ही-8 बसवला आणि सोबत सहा गिअरचा मॅन्युअल दिला. भलीमोठी चार दारांची लक्झरी गाडी, आणि तिसरं पेडल! तेव्हा ‘लक्झरीत मॅन्युअल बसत नाही’ हे मला शिकवू नका. गिअर बदलताना होणारी खरखर घालवणारा सिंक्रोमेश 1928 मध्ये पहिल्यांदा आणला तोही कॅडिलॅकनेच.

पण हे सांगितलं की विषय लगेच ‘ब्रँड स्ट्रॅटेजी’वर. इथे तर प्रत्येक जण उंटावरचा शहाणा. मर्सिडीजने सी63 या आपल्या तगड्या सेडानमधला चार लिटरचा व्ही-8 काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर बसवली. कागदावर 680 हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या वर. तेव्हा आमचा एक विद्वान म्हणाला, ‘हेच भविष्य आहे, रडणाऱ्यांना रडू दे.’ अरे, ते इंजिन गाडीचा प्राण होतं! लोक सी63 बुद्धिबळ खेळायला घेत नव्हते. ती सुरू केली की आजूबाजूच्या खिडक्या थरथरायच्या, म्हणून घेत होते. नंतर त्या गाडीकडे लोकांनी पाठ फिरवली, आणि आता हाच विद्वान सांगतो की चूक होणार हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये जॅग्वारने नवा लोगो आणला, आणि जी जाहिरात केली तिच्यात गाडीच नव्हती. गाडीच्या कंपनीच्या जाहिरातीत गाडी नाही! यावर दोन तास चर्चा झाली आमच्यात. टार्गेट ग्राहक कोण, किंमत किती वर नेता येईल, बेंटलीसारख्या महागड्या ब्रँडशी टक्कर होईल का. दोन तासांत एकानेही विचारलं नाही की ती चालवायला कशी असेल. एकानेही नाही.

आता दुसऱ्या टोकाचे. यांच्यावर माझा राग थोडा जास्तच आहे, कारण हे माझ्या बाजूचे म्हणवतात. मॅन्युअल चालवतो तोच खरा ड्रायव्हर, बाकी सगळे प्रवासी. आणि छाती काढून बोलणाऱ्या या महाशयांच्या दारात काय उभं आहे? ऑटोमॅटिक एसयूव्ही. ‘अरे, घरच्यांसाठी घ्यावी लागली.’ घरच्यांना शिकव की मग! यांचा सगळ्यात आवडता शोक म्हणजे कॉर्व्हेट, शेवरलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार. सी8 मध्ये, म्हणजे तिच्या आठव्या पिढीत, मॅन्युअल दिला नाही, म्हणजे ती खरी कॉर्व्हेटच नाही म्हणे. बाबांनो, 1953 ची पहिली कॉर्व्हेट फक्त ऑटोमॅटिक होती, तीही दोनच गिअरची. मॅन्युअल 1955 मध्ये आला. मलाही सी8 मॅन्युअलमध्ये हवी होती, पण भांडायचं तर नीट माहिती घेऊन भांडा. नाहीतर समोरचा हिशेबनीस अर्ध्या मिनिटात तुमची दांडी उडवतो, आणि मग तुमच्यासोबत मीही वेडा ठरतो.

ह्युंदाईने आयोनिक 5 एन या इलेक्ट्रिक गाडीत आठ गिअरचं नाटक बसवलंय. बदलायला गिअर एकही नाही, पण स्टिअरिंगमागचं पॅडल बोटाने ओढलं की झटका बसतो, स्पीकरमधून आवाज येतो. चालवलेले लोक म्हणतात मजा येते. येत असेल, मी हसत नाही. उलट मला एवढंच विचारायचंय, की ‘गिअरची हौस म्हणजे जुनाट लोकांचे चोचले’ असं जर आहे, तर इतके इंजिनिअर बसवून ते चोचले सॉफ्टवेअरमध्ये का तयार करतायत?

असो. परवाच्या बैठकीत टेक रेटवाला तासभर मला शिकवून झाला. मार्जिन झालं, प्रदूषण झालं, ‘तू बाजार नाहीस’ हेही झालं. सगळे उठले. मी गाडी काढत होतो तर हा खिडकीशी आला, आत वाकला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, पहिला, दुसरा, तिसरा असं हलवून बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘ही विकायला काढलीस तर आधी मला सांग हं.’

म्हणजे यालाही मॅन्युअल हवीच आहे. फक्त सेकंड हँड, माझ्याकडून, झिजून स्वस्त झाल्यावर. कंपनीच्या कुठल्याही आकड्यात हा कधी दिसणार नाही, आणि त्याच आकड्यांवरून हा मला शिकवणार.

मी क्लच दाबला, त्याचा हात बाजूला केला आणि सांगितलं, शोरूममध्ये जा. नवी बुक कर. पांढरी किंवा राखाडी.