गिअरबॉक्सला हुडहुडी

मुंबईत थंडी पडली हे वेधशाळेच्या आधी खोबरेल तेलाच्या बाटलीला कळतं. पारा चोवीसच्या खाली घसरला की बाटलीत पांढरा गोळा. एरवी ही बातमी न्हाणीघरापुरती असते. यंदा तळमजल्यावरचे काका ती बाटली घेऊन सकाळी सकाळी थेट माझ्या गाडीपाशी आले. अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी.

"हे बघ." त्यांनी बाटली उलटी धरली. थेंब पडला नाही. "आता तुझ्या गिअरबॉक्समधल्या तेलाचं काय झालं असेल, विचार कर."

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. बोरिवली ते बीकेसी रोज क्लच दाबून दाबून डावा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा त्या पायाला मी सक्तीची सेवानिवृत्ती दिली. त्या बदल्यात काका मागे लागतील याची कल्पना शोरूमवाल्यानं दिली नव्हती.

काकांचा मुलगा कॅनडात, विनिपेगला असतो. मागचा अख्खा हिवाळा काका तिकडे काढून आले. तिथे उणे तीस म्हणजे रोजचं. गाड्यांच्या नाकातून वायर लोंबत असते आणि रात्री ती पार्किंगमधल्या प्लगला लावून इंजिन गरम ठेवतात. त्या थंडीत गिअरबॉक्सचं तेल खरोखर दाटतं. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलणारा हात म्हणजे ते तेलच. पंप त्याला दाब देतो आणि त्या दाबावर आतले क्लच धरतात-सुटतात. तेल जाड झालं की गिअर उशिरा पडतो, धक्का देऊन पडतो. इथपर्यंत काकांचं सगळं बरोबर. फक्त ते विनिपेगहून परतलेत, हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

"स्टार्ट कर. ब्रेक दाबून ठेव. पी. आता आर घे. थांब, तेल जाऊ दे आत. आता एन. घाई नको. आता डी."

सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखं मी सांगतील ते करत होतो. प्रत्येक वेळी आर, म्हणजे रिव्हर्स, टाकला की मागचे पांढरे दिवे लागत, आणि गेटवरून मफलर गुंडाळलेला वॉचमन धावत येई. गाडीच्या पाठीवर थाप मारून "आने दो, आने दो!" मी एनवर, म्हणजे न्यूट्रलवर, यायचो. तो बुचकळ्यात पडून परत जायचा. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पुन्हा आर. गाडी इंचभरही हलत नव्हती, पण मागच्या भिंतीचं अंतर मोजणारा सेन्सर किंचाळत होता आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी धूर येतो म्हणून स्वयंपाकघराची खिडकी दाणकन लावून घेतली.

"काका, हे तेल उणे चाळीसलाही वाहतं राहावं अशा बेतानं बनवलेलं असतं. आणि आपल्या सांताक्रूझचा नीचांक आहे ७.४."

"२२ जानेवारी १९६२," काका ताडकन म्हणाले. "मला सांगतोस? दादांच्या फियाटचा चोक ओढून ओढून हात दुखले होते."

खरी मेख इथे होती. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना थंडीत सुरू होताना जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोक लागायचा, थोडं उभ्या उभ्या गरम करावं लागायचं. आता कम्प्युटर मोजून पेट्रोल टाकतो. गाडी सुरू केल्यावर इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा बाराशेच्या आसपास जातो, थोड्या वेळात आपोआप खाली येतो. तेवढा वेळ सीटबेल्ट लावण्यात आणि चष्मा शोधण्यात जातोच. शिवाय उभ्या गाडीत तापतं ते मुख्यतः इंजिन. गिअरबॉक्स तापायला काम पडावं लागतं, म्हणजे गाडी चालावी लागते. पण दादांच्या फियाटपुढे हे बोलायची सोय नव्हती. त्या गाडीविषयी आमच्या सोसायटीत कोणी उलट बोलत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला काकांचा रागही येत नव्हता. मुंबईकराच्या वाट्याला थंडी येते ती चार दिवसांची पाहुणी. मग तिचे सगळे लाड एकदमच उरकावे लागतात. आमच्याकडेही डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे स्वेटर बाहेर निघाले होते, आणि बायको पंखा बंद करावा की एकवर ठेवावा या गंभीर प्रश्नात होती. गिअरबॉक्सनंच काय घोडं मारलंय?

अखेर काकांनी बॉनेटवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि "झालं" म्हणून दार उघडून शेजारी बसले. त्यांना अंधेरीला जायचं होतं. "पहिले पाच किलोमीटर सावकाश चालव हं. एकदम पिकअप घेऊ नकोस."

हा सल्ला मात्र अगदी शास्त्रशुद्ध. कुठल्याही देशात थंड गिअरबॉक्स तापवायची हीच रीत. आणि मुंबईत ती पाळायला वेगळे कष्ट पडत नाहीत. हायवेला लागलो आणि लाल दिव्यांची रांग सुरू झाली. डी, ब्रेक, दोन फूट पुढे, ब्रेक. चाकं थांबलेली आणि इंजिन मात्र टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या डब्यातलं, तेल घुसळतंय, यानं तेलाला जी ऊब मिळते ती मिळत होती. इथे गिअरबॉक्सला जपायचं ते उकाड्यापासून, पण त्यावर सोसायटीत कोणी बोलत नाही.

पोईसरला काकांनी कानटोपी काढली. त्यानंतर स्वेटर. मग एसीकडे बोट दाखवून म्हणाले, "जरा लाव रे, गुदमरायला होतंय."

लावला. डोक्यावरून सात नंबरची मेट्रो सुळकन पुढे निघून गेली. काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, घड्याळ बघितलं आणि स्वेटरची घडी घालायला लागले.

"मला आकुर्लीला उतरव. मेट्रोनं जातो. तुझ्याबरोबर राहिलो तर उशीर व्हायचा."